पाठराखीण

३ नोव्हेंबर २००२
वर्ध्याहून वारज्याला येऊन आठवडा झाला आणि आज आम्हा मायलेकींनी चक्क गाडी घेतली! जुनीच, पण सृष्टीला हिंजवडीच्या नव्या नोकरीवर मी सोडू शकेन. विकणाऱ्या सरुबाई नदीकाठच्या मळ्यात राहतात. गाडी त्यांच्या मैनेची, म्हणजे लेकीची. लेक सासरी निघावी तसं त्यांनी गाडीला कुंकू लावलं आणि सृष्टीची ओटी भरली. बिनलग्नाच्या मुलीची ओटी? नवल वाटलं. वर म्हणाल्या, नवरीसंगं पाठराखीण म्हनून आमची मैना येईल हां. मी हसून म्हटलं, येऊ द्या की. मैना काही बाहेर आली नाही. लाजत असेल.

७ नोव्हेंबर
गाडी महामार्गाला लागली की आचके देते आणि बंद पडते. साईनाथ मेकॅनिकनं प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बुरेटर धुतला. त्याच्या हातात ठणठणीत! म्हणाला, बाई, इंजिनाला काही झालेलं नाही, तिला ऑफिसचा कंटाळा असेल.

११ नोव्हेंबर
मी एकटी असले की बंद पडत नाही. सृष्टी बसली की पडते. आणि मळ्याकडे तोंड वळवलं की अर्ध्या चावीत सुरू. सृष्टी पुढे बसते, तरी मागच्या सीटवर ओटीचे तांदूळ सांडलेले असतात. मी रोज झाडते.

१४ नोव्हेंबर
साईनाथला मैनेबद्दल विचारलं. सरुबाईंकडे असल्यापासून ही गाडी तोच दुरुस्त करायचा. म्हणाला, लग्न ठरलं होतं तिचं. तापानं फणफणली. दवाखान्यात नेताना हीच गाडी महामार्गावर बंद पडली. मागच्या सीटवरच गेली पोर. तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?

१५ नोव्हेंबर, सकाळ
मळ्यात गेले. गाडी परत घ्या म्हणाले. सरुबाई शेंगा सोलत राहिल्या. म्हणाल्या, पाठराखीण एकटी माघारी येत न्हाई बाई, नवरीला घेऊनच येती. तुमीच हो म्हनला.
आत दोन पाट मांडलेले होते.

दुपार
कॉइलची वायर उपसून आणलीय, तिच्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. इथेच, टेबलावर. चावीही. सृष्टीला बजावलंय, गाडीजवळ फिरकायचं नाही—
पलीकडच्या खोलीत ती हसतेय. कुणाशी?

खोली रिकामी. तांदूळ— दारापासून जिन्यापर्यंत—

खाली इंजिन सुरू झालं. एका दमात. वायर माझ्या मुठीत आहे आणि—
खिडकीतून दिसतंय. मागचं दार आतून कुणीतरी उघडून धरलंय. सृष्टी वाकून आत—