मधूच्या सायकलची चेन

निर्मळ, ता. वसई
गुरुवार, २२ जानेवारी २००४

चि. सौ. अश्लेषास आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल, हे शेजारच्या पास्कलकाकाने मी तोंड उघडायच्या आतच लिहून टाकलं. राहू दे म्हटलं, शाई कशाला फुकट घालवायची. तो माझं बोलणं शाळेच्या मराठीत बसवून लिहितो, तेव्हा मी फार शहाणी वाटले तर दोष त्याचा. फोन केला असता, पण तो माजघरात आणि तुझा बाप दिवसभर ओटीवर. त्याचे कान तुला ठाऊक आहेत, म्हणून पास्कलच्या घरी येऊन बसलेय.

तुझ्या आईची कंबर आता बरी आहे. केळीला यंदा घड चांगले धरलेत. तुझा नवरा तुला सकाळचा चहा करून देतो हे वाचून घेतलं. आमच्या घरातल्या पुरुषांना चहाचा डबा अजून सापडायचाय. तुझ्या बापाला मात्र म्हातारपणी तरुण व्हायची हौस आलीय. बटणांचे शर्ट सोडले, पोरांसारखे गळ्यातून घालायचे टी-शर्ट घालतो. दाढी वाढवलीय. मी विचारलं, मधू, संन्यास घेतोस की नाटकात काम? तर हसला नाही. पूर्वी हसला असता.

तर शर्यतीचं सांगते. तू गेल्यापासून त्याने शर्यतीत सायकल घातली नव्हती, ते आईने तुला कळवलं असेल. यंदा घातली. शनिवारी निवड आणि रविवारी खरी शर्यत, नेहमीप्रमाणे. तू हे पत्र नवऱ्याला वाचून दाखवशील आणि नागपूरच्या माणसाला आमचे खुळे खेळ कळायचे नाहीत, म्हणून सांगते. वाडीच्या बांधावरून जायचं, चिखलाच्या पाटात उतरून सायकल खांद्यावर घ्यायची, मग सुरूच्या बनातून वाळूत, आणि पुन्हा वाडीत. चालवणं कमी, वाहणं जास्त. बैलाने करायचं काम हौसेने करतात. सायकल मोडली तर ती स्वाराने दुरुस्त करायची, नाही तर त्याच्या सोबत्याने. सोबती घरचाच लागतो आणि त्याचं नाव सुरुवातीला सगळ्यांसमोर पुकारतात. तिसऱ्या कोणी सायकलला हात लावला की स्वार बाद.

शनिवारी शर्यत भरवणाऱ्या शांतारामने पुकारलं, मधुकर, सोबती कोण?

"अश्लेषा," तुझा बाप म्हणाला.

शांतारामने माझ्याकडे बघितलं, मी सुरूच्या शेंड्यांकडे. त्याने काय करावं बिचाऱ्याने, लिहून घेतलं. पाटाच्या वळणावर जिथे तू पाना घेऊन उभी राहायचीस, तिथे मी खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं, नावाला जागा तरी रिकामी नको.

शनिवारी पाटातून वर येताना चेन उतरली. त्याने ती बसवली, पण एवढा वेळ लावला की मागचे सगळे पुढे गेले. रविवारी येणारे कमी होते म्हणून त्याला घेतलं. संध्याकाळभर अंगणात सायकल उलटी. चेन वाईट म्हणाला, नवी आणली. मग म्हणाला दातेरी चाक झिजलंय. मग ब्रेकची तार. सायकलीने मुकाट्याने ऐकून घेतलं. आपल्या घरात इतकं कोणी ऐकून घेत नाही.

रविवारी त्याच जागी नवी चेन उतरली.

बाये, तुझा बाप डोळे मिटून चेन चढवायचा. मी बघितलंय, बोलता बोलता, माझ्याशी भांडता भांडता. त्या दिवशी तो चिखलात बसला आणि चेन दातांवर ठेवायला गेला की ती घसरे. पुन्हा ठेवी, पुन्हा घसरे. उजवा हात डाव्या हाताने धरून बघितला. पास्कल मागून येत होता. त्याने आपली सायकल बांधावर टाकली, शर्यत सोडली आणि वाकला. मधू म्हणाला, "हात लावू नकोस. माझा सोबती येईल."

पास्कलने आत्ता पेन खाली ठेवलंय. हे लिहायचं नाही म्हणतो, मधूने आम्हा दोघांकडून वचन घेतलंय. मी म्हटलं, पाप माझं, तू फक्त अक्षरं काढ.

सायकलीला काही झालेलं नाही, अश्लेषा. बटणं त्याला लावता येत नाहीत. वस्तरा धरता येत नाही. दिवाळीत मुंबईच्या डॉक्टरला दाखवलं. नसांचा आजार आहे, गोळ्यांनी हळू चालेल, पण मागे फिरणार नाही. ही शेवटची शर्यत म्हणून तो उतरला होता, आणि शेवटच्या शर्यतीला त्याने नाव दिलं ते तुझं.

शर्यत संपली. माणसं पांगली. तो तिथेच. सायकल सोडून उठलं की बाद, म्हणून उठेना. मी काठी टेकत पाटात उतरले, या वयात लुगडं चिखलात घालून त्याच्याशेजारी बसले. मग तो म्हणाला, "आई, तिला कळवू नकोस. कीव करून आली तर मला सोसायचं नाही."

लग्नाच्या वेळी या ओटीवर पाय ठेवू नकोस असं तो तुला म्हणाला, आणि तू ठेवला नाहीस. तू त्याचीच. दोघांनी शब्द पाळला, दोघांचंही वाटोळं केलंत.

सायकल आम्ही ढकलत घरी आणली. चेन तशीच लोंबतेय. तुझी आई लावू का म्हणाली तर तिच्यावर ओरडला. पास्कलला फाटकातूनच परत पाठवला. रोज सकाळी ती चिखलाची सायकल फडक्याने पुसतो, चेनला मात्र हात लावत नाही.

तू ये. येताना तोंड पाडून येऊ नकोस, आणि त्याचे हात बघू नकोस. ओटीवर चढ, मला म्हातारीला काय ते दोन शब्द बोल, आणि त्याच्याशी भांडायला बस. जुनं सगळं काढ. चांगली मोठ्याने भांड. भांडता भांडता चेन चढव, जणू लक्षच नाही.

आईला हे पत्र माहीत नाही. जावईबापूंना आशीर्वाद, त्यांनाही आण, चहा इथे आम्ही करून देऊ.

मी तुझी वाट बघते असं शेवटी घालू का म्हणून पास्कल विचारतोय. नको म्हटलं. मी कसली बघते, माझे डोळे आता अधू. बघणारा ओटीवर बसलाय.

तुझी,
मधूची आई