खाणीच्या तलावातली जबाबदार शिकार

५ जानेवारी, रविवार. सकाळी ६.४०

नवी वही. वर्ष चार दिवसांपूर्वीच लागलं, पण सुरुवात रविवारी केलेली बरी.

निर्णय झाला. धनुष्यबाणाने मासे मारायचे. बोफिशिंग म्हणतात. अमेरिकेत लोक बोटीवर उभे राहून करतात, मी भांडुपला काठावर उभा राहून करणार. मौज म्हणून नाही. आपल्या घरामागे दगडाची जुनी खाण होती, तिच्यात पाणी साठून तलाव झाला, आता भोवती जॉगिंग ट्रॅक आहे. त्या तलावात मांगूर माजलाय. आफ्रिकेचा मासा, कोणीतरी आणून सोडला, बाकीच्यांची पिल्लं खाऊन हा एकटा फुगतोय. जाळं टाकलं तर चांगले मासेही मरतात. बाण निवडून मारता येतो. नको तो मासा कमी, तलाव वाचला, ताटात प्रोटीन.

कंपनी गुजरातला गेली त्याला आठ महिने झाले. मी गेलो नाही. मुलुंडच्या गोडाऊनमध्ये बावीस वर्षं डिस्पॅच सांभाळलेला परब घरी रिकामा बसलाय असं कोणी म्हणायला नको.

नियम शेवटच्या पानावर लिहिले. मासा ओळखल्याशिवाय बाण सोडायचा नाही. मारला तो खायचा, फेकायचा नाही. जखमी मासा तसाच टाकून यायचं नाही, त्याच दिवशी बाहेर काढायचा. बाकीचे सुचतील तसे.

बायकोला वाचून दाखवले; ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, तिला नियमांची सवय आहे. दर्शनाने एवढंच विचारलं की मांगूर खाणार कोण. दुसरा नियम पुन्हा वाचून दाखवला.

९ जानेवारी, गुरुवार

धनुष्य आलं. खोक्यावर मुलाचा फोटो आहे, पण आत माल मोठ्यांचा आहे. बाण तीन. नारिंगी, जड, टोकाला उलटे आकडे, म्हणजे घुसला की निसटत नाही. बाणाला दोरी बांधायची, मासा ओढून घ्यायचा. त्यासाठीचं रीळ इथे मिळत नाही. सध्या हॉलच्या पडद्याची दोरी.

कॉलेजातून आल्या आल्या तेजलने विचारलं, पप्पा हे काय. खांद्याचा व्यायाम म्हटलं. खोटं नाही, खांदा दुखतोच आहे.

१२ जानेवारी, रविवार

गच्चीवर सराव. टबात पाणी, तळाशी वांगं.

थिअरी पक्की आहे. पाण्यात प्रकाश वाकतो, म्हणून मासा दिसतो तिथे नसतो, त्याच्या खाली असतो. नेम खाली धरायचा. चाळीस बाण सोडले. वांगं शाबूत. टब गेला. प्लास्टिक हल्ली काही राहिलं नाही.

पाणी झिरपून चौथ्या मजल्यावर गेल्याची तक्रार आली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग हा सोसायटीचा विषय आहे, माझा नाही.

१९ जानेवारी, रविवार

तलावावर पहिली फेरी. पाटी आहे, पण गंजलेली. सुरुवातीचा ‘मा’ आणि शेवटचा ‘नये’ तेवढा वाचता येतो. मध्ये काहीही असू शकतं.

पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी चौथीवर एक म्हातारा गळ टाकून बसलेला. धोंडिराम. मूळचा जालन्याकडचा, इकडे वॉचमनकी करून रिटायर झाला, आता मागच्या गल्लीत मुलीकडे राहतो. रोज संध्याकाळी दोन मासे धरतो आणि गळ गुंडाळतो. तिसरा लागला तर सोडतो. लहान लागला तर सोडतो. पोटात अंडी दिसली तर सोडतो. मी विचारलं, हे कुठल्या गाइडलाइनप्रमाणे. तो म्हणाला की उद्या परत यायचं असतं ना.

पद्धत बरी आहे, पण शास्त्रीय नाही. रजिस्टर ठेवत नाही. मी त्याला जबाबदार मासेमारी म्हणजे काय ते पाऊण तास समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं. शिकण्याची तयारी आहे.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी तलावावर. चार बाण. मासा नाही. उन्हाची दिशा चुकीची होती.

एक बाण दोरीसकट चिखलात रुतला. धोंडिराम पॅन्ट गुंडाळून उतरला, काढून दिला. वर म्हणतो, साहेब, मासा दिसतो तिथं नसतो. मी त्याला अपवर्तन म्हणजे काय ते सांगितलं. तो हं म्हणाला.

२ फेब्रुवारी, रविवार

यश!

चिलापी. तळहाताएवढी. खरं तर नेम मांगुरावर होता, ही मध्ये आली. पण चिलापीही बाहेरचीच, म्हणजे यादीत बसते. वहीत नोंद: एक.

घरी दर्शना थेट मालवणीवर आली. “ह्यो मासो माझ्या टोपात शिजाचो नाय.” सुरमई-बांगड्यावर वाढलेल्या माणसांना तलावाच्या माशाला चिखलाचा वास येतो, हा जुना पूर्वग्रह. मी स्वतः तळला. स्वतः खाल्ला. वास चिखलाचा नव्हता, रॉकेलचा होता. तेजल पावभाजी खायला बाहेर गेली. मी काट्यासकट संपवला. चव: प्रामाणिक.

३ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर पोट बिघडलेलं. शनिवारच्या पाणीपुरीचा संशय आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भिवंडीला इंटरव्ह्यू. समोर निहार नावाचा मॅनेजर, तेजलपेक्षा सातेक वर्षांनी मोठा असेल. विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता. मी मांगुराबद्दल सांगितलं. तलाव साफ व्हायला पाच वर्षं लागतीलच. त्याने बरंच लिहून घेतलं. कळवतो म्हणाला. मला वाटतं काम झालं.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.१५

नीट लिहितो.

सहा वाजता पोचलो. काठाजवळ मोठी सावली. हातभर लांब, जवळजवळ स्थिर. एवढा मोठा म्हणजे मांगूरच. नेम खाली धरला. सोडला. लागला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी ठरवल्याप्रमाणे झालं.

मग त्याने ओढ घेतली आणि गाठ सुटली. गाठ मी बांधली होती, पण दोरी मुळात पडद्याची. मासा बाण घेऊन आत गेला.

काठावर दोन खवले मिळाले. लिमलेटच्या गोळीएवढे, सोनेरी. मांगुराला खवले नसतात हे मला माहीत आहे.

मांगूरच असावा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मांगूर नव्हता. कटला होता, आपल्याकडचाच देशी मासा. तलावातला सगळ्यात जुना, जॉगिंगवाले रोज ज्याला कुरमुरे घालतात तो. पाठीत बाण घेऊन वरच्या पाण्यातच फिरतोय. बाणाचं मागचं नारिंगी टोक ट्रॅकवरून कुठूनही दिसतं.

‘तलावमित्र’ ग्रुपवर सकाळपासून फोटो. चेतना मॅडम, ज्यांनी हा ग्रुप काढला, त्यांनी लिहिलं की हे करणारा माणूस म्हणायच्या लायकीचा नाही. खाली संतापाची पहिली इमोजी मी टाकली. पहिला असणं गरजेचं होतं.

उरलेले दोन बाण आणि धनुष्य माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग. माशांची माहिती आहे म्हणून मला चौकशी समितीत घेतलं. मी नाही म्हणणार होतो, पण टाळ्या वाजल्या.

कोणीतरी धोंडिरामचं नाव घेतलं. रोज तिथे बसतो, मासे धरतो, दुसरा कोण असणार. चारपाच माना हलल्या. मी म्हणालो की पुराव्याशिवाय असं बोलणं बरोबर नाही. हळू म्हणालो. चेतना मॅडमनी विचारलं, परब, काही म्हणालात? मी म्हटलं, पंखा जरा स्लो करा.

संकल्प: उद्या पहाटे जाऊन मासा काढायचा. तिसऱ्या नियमाला दोन दिवस उशीर झालाय, पण नियम आहे तो आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सुट्टी, शिवजयंती, गर्दी. उद्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११

साडेपाचला गेलो. कपड्यांचं जाळीचं बास्केट आणि काठी घेऊन. मासा काठाशी आला, हलेना. बास्केट घातलं, मी घसरलो, तो गेला. फोन पाण्यात.

धोंडिराम पायरीवर होता. एवढ्या सकाळी तो येत नाही. माझ्याकडे बघितलं, बास्केटकडे बघितलं. बाण कोणाचा ते त्याला विचारावं लागलं नाही. तसाच नारिंगी बाण त्यानेच तर मला चिखलातून काढून दिला होता.

म्हणाला, “साहेब, थकलंय ते. चार दिवस झाले. आता संपवायला पाहिजे त्याला.”

मी म्हटलं, आकडे कापून काढले तर कदाचित वाचेल, मी व्हिडिओ बघितलाय.

“नाही वाचत,” तो म्हणाला. “तुम्ही पिशवी आणा. मी घेतो काढून.”

तो छातीइतक्या पाण्यात उतरला. उभा राहिला, हलला नाही. मासा हळूहळू त्याच्याजवळ गेला. त्याने दोन्ही हात खालून घातले आणि अंघोळ घातलेलं मूल आणावं तसा उचलून काठावर आणला. दगडाने एकच घाव. मग हात पुसले नाहीत, तसाच बसून राहिला.

हे मी वरून बघितलं. पिशवी आणायला स्कूटरपाशी गेलो होतो.

तेवढ्यात ट्रॅकवरून चेतना मॅडम आणि आणखी सहासात जण आले. काठावर धोंडिराम, समोर कटला, पाठीत बाण, हाताला रक्त. कोणीतरी व्हिडिओ सुरू केला. सगळे एकदम बोलत होते. एकाने त्याचा गळ पायाने मोडला. धोंडिरामने एकदा वर माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

मी डिकीत पिशवी शोधत होतो.

पिशवी हातातच होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याला चौकीत नेलं, लिहून घेतलं, सोडलं. तलावावर यायचं नाही म्हणून सही घेतली. मासा खड्डा करून पुरला, वर फुलं. म्हणजे दुसरा नियमही गेला.

त्याने माझं नाव सांगितलं नाही. का ते कळत नाही. कदाचित खेळाचं नाव खराब होऊ नये म्हणून. त्याला माझे विचार पटत होतेच.

मी सांगणार आहे. ग्रुपवर लिहून सांगणार. शुक्रवारी कोणी लांब मेसेज वाचत नाही. रविवारी.

२३ फेब्रुवारी, रविवार

पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात ‘मी’ सात वेळा आला होता, बरं वाटेना. दुसऱ्यात ‘आपल्यापैकी कोणीतरी’. तिसऱ्यात ते ‘शहरी तलावातील परकीय मासे: एक दृष्टिकोन’ असं झालं. वाचायला चांगलं आहे. माशाचा उल्लेख राहिला.

दर्शना कपड्यांचं बास्केट शोधत आली. त्याला चिखल आणि एक खवला होता. तिने खवला नखाने सोडवून तळहातावर घेतला.

“तो बाण तुमचा ना?”

मी म्हटलं, बाण माझा, पण गाठ सुटली हा अपघात, आणि नंतर जे झालं त्यात परिस्थितीचा...

ती म्हणाली, “त्या माणसाची मुलगी आमच्या लॅबमध्ये येते रिपोर्ट न्यायला. बापाचा डायबिटीस. जया नाव तिचं.” एवढंच. बास्केट धुतलं, उन्हात ठेवलं. जेवणाचं ताट वाढलेलं होतं, पण हाक आली नाही.

पत्र पाठवलं नाही. वेळ योग्य नाही.

२ मार्च, रविवार

धोंडिरामकडे गेलो. सोबत अर्धी सुरमई. जयाने दार उघडलं, आत बोलावलं, चहा टाकला. म्हणजे दर्शनाने तिला काही सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असावं.

म्हातारा टीव्हीसमोर बसलेला. टीव्ही बंद. मी अर्धा तास बोललो. हवा, मांगूर, डायबिटीसमध्ये मासा कसा चांगला. मग म्हटलं, धोंडिराम, मी उद्या सगळ्यांना खरं सांगतो. हे वाक्य मी घरून पाठ करून गेलो होतो, आणि आवाजही बरा लागला.

त्याने कप खाली ठेवला. “नका सांगू साहेब आता.”

मी कारण विचारलं.

“तेव्हा सांगायचं होतं. आता सांगून मला काय ते तिथं बसू देणार? मला बघितलंय सगळ्यांनी. व्हिडिओ गावापर्यंत गेलाय. भाऊ फोन करून विचारतो, तू असं का केलंस.” कप जरा बाजूला सरकवला. “तुम्ही सांगितलं तर तुमचं पण जाईल. माझं येणार नाही.”

जयाने सुरमई परत पिशवीत घालून दारात हातात दिली. बाबा आता मासे खात नाहीत म्हणाली.

येताना हलकं वाटलं. त्याचीच तशी इच्छा आहे, आणि दुसऱ्याच्या इच्छेचा मान ठेवला पाहिजे. स्टेशनपर्यंत चालत गेलो. तिथे काही काम नव्हतं. मग परत.

१० मार्च, सोमवार

निहारचा फोन आलेला नाही. मीच केला. जागा भरली.

संध्याकाळी चेतना मॅडम घरी आल्या. समितीने ठरवलंय, तलावावर रोज पाच ते सात एक जबाबदार माणूस बसवायचा, कोणी मासे धरू नयेत म्हणून. परब घरीच असतात आणि त्यांना विषयाची जाण आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. शिट्टी आणि ओळखपत्र देणार. दर्शना ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती भांडी घासत राहिली. मी हो म्हटलं.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.५०

आठवडा झाला. बसायला एकच बरी जागा आहे, चौथी पायरी. दगड तिथे गुळगुळीत झालाय.

पाणी खाली गेलंय. मांगूर अगदी पायाशी येतात, तोंड वर काढून हवा घेतात. आज वीसेक तरी होते. मी हलत नाही, म्हणून घाबरत नाहीत.

आज कोणी आलं नाही. शिट्टी वाजवायची वेळ आली नाही.