सहावा पाइप

३ मार्च, सोमवार
लोडरचे सहाच्या सहा पाइप गेलेत! बमरोलीच्या मिलमध्ये कोळसा ओढणारा तो छोटा लोडर. वरचं रबर फाटलं, आतली तार दिसते, तेल गळतं. धुडकू तो चालवतो. रोज मिलमधली साडीची चिंधी पाइपाला गुंडाळतो. आज वैतागला — "योगराजभाऊ, चिंधीवर किती दिवस काढू?" शेठ म्हणाले, परवा दुपारी मशीन चालू पाहिजे. बॉयलर थांबत नाही ना!

४ मार्च
पाच पाइप सोडवून नमुन्यासाठी उधन्याला पाइपवाल्याच्या दुकानात नेले. सहावा आत, कव्हरच्या मागे. काढायला दीड तास. कोण काढतो! वितीनं मोजला. पंचवीस वर्षं वितीनंच मोजतोय. सहाही नवे, टोकं प्रेस करून आणले.

५ मार्च
पाच बसले. सहावाही बसला. बूम, म्हणजे लोडरचा पुढचा हात, वर घेतला अन् पाइप तारेसारखा ताणला. वीतभर कमी! बूम खाली असताना मोजला होता मी. येडा की काय मी! नवीन पोरगासुद्धा असं करत नाही.

तेवढ्यात शेठ काम झालं का बघायला आले. "थई गयुं के?"

"थई गयुं, शेठ."

तोंडातून निघून गेलं. धुडकू चहा आणायला गेला होता. कव्हर अजून उघडंच होतं; जुनाच पाइप परत घातला, वर कोरी चिंधी आवळली. आखूड पाइप स्कूटरच्या डिकीत टाकला. चार दिवसांत नवा करून गुपचूप बसवीन.

८ मार्च
लेक मयुरीला बघायला पाहुणे. उधन्याला जाणं राहिलं.

९ मार्च
रविवार. पाइपवाल्याचं दुकान बंद.

११ मार्च
धुडकूच्या उजव्या तळहातावर टाचणीएवढा ठिपका. चालू मशीनवर चिंधी सोडून पाइपावरून हात फिरवला त्यानं. गळती शोधायला आम्ही सगळे हातच फिरवतो. पुठ्ठा धरायचा असतो — कोण धरतो! "काही नाही भाऊ, तार टोचली." कोणता पाइप ते मी विचारलंच नाही. म्हणालो, हळद लाव.

हळद!

१२ मार्च
हात कोपरापर्यंत सुजला. डॉक्टर ओरडले — प्रेशरचं तेल कातडीच्या आत शिरलंय, कालच का नाही आणलं! वर्षा, त्याची बायको, माझ्याच तोंडाकडे बघत होती. "भाऊ, तुम्ही तर मिस्त्री. असं कसं झालं?"

मी औषधाची चिठ्ठी घेऊन खाली पळालो.

१३ मार्च
तीन बोटं काढली.

१७ मार्च
शेठ दवाखान्यात आले. धुडकू पडल्या पडल्या म्हणाला, "चूक माझी. चालू मशीनला हात लावला." शेठ मोकळे झाले. मी खाली मान घालून उभा. थू माझ्या जिनगानीवर!

सहावा पाइप आज बदलला. टेप लावून, बूम वर घेऊन मोजला.

१९ मार्च
जेवण जात नाही. वर्षा विचारत होती, आता याला कोण मशीन देणार? उद्या धुडकूला सांगतो. मग तो जोड्यानं मारो.

२० मार्च
सांगितलं सगळं. धुडकूनं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "माले पहिलेच ठाऊक व्हतं, भाऊ." आखूड पाइप त्यानं पाच तारखेलाच डिकीत पाहिला होता. अकरा तारखेला चिंधी तेलानं भिजली होती. शेठच्या नजरेस पडण्याआधी तो ती बदलत होता.