खिशात राहिलेला अर्ज

मुरबाड

प्रिय देवराम,

पत्र बघून चक्रावशील. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा म्हटलं लिहूनच काढावं. मी इथं कॉलेजात खेळ शिकवतो, हे काशीनं सांगितलंच असेल. ती तुझी लेक आहे, हे मला कुणी सांगायची गरजच पडली नाही. तिनं पहिला चेंडू टाकला आणि मी म्हटलं, हा हात उंबरमाळीचाच!

गेल्या आठवड्यात आपल्या शहापूरच्या कॉलेजातून निरोप आला, बेसबॉल टीमचा इतिहास लिहून द्या, स्मरणिकेत छापायचाय. इतिहास कसला डोंबलाचा! सहा वर्षं चाललेली टीम. शेखर सरांनी कुठल्याशा शिबिरातून एक बॅट आणि दोन ग्लोव्ह आणले, बेस म्हणून आपण तुसानं भरलेल्या गोण्या मांडल्या. सापगावात माझा आजा बॅट बघून विचारायचा, "विटी कुठंय रे हिची?" तू गोफणीनं पाखरं हाकणारा, तुझे चेंडू झेलून माझा तळवा आठवडाभर सुजायचा. हे सगळं झरझर लिहिलं. शेवटच्या वर्षाशी येऊन पेन अडलं.

कल्याणच्या सेमीफायनलच्या आदल्या सकाळी आभाळ भरून आलं आणि तुझं कापलेलं भात शेतात पडलेलं. तू म्हणालास, "तुमी जा, माझं मी बघतो." पण सावड ती सावड. आमच्या शेतावर तू राबला होतास. अख्खी टीम उंबरमाळीला आली, दोन दिवस भारे वाहिले. गैरहजर म्हणून दोन वर्षांची बंदी आली, मग कॉलेजनं टीमच बंद केली. सगळे म्हणाले, देवरामच्या भातापायी गेली. तूही तेच मानलंस आणि कॉलेज सोडलंस.

खोटं आहे ते, देवरामा. तारीख पुढं ढकलायचा अर्ज सरांनी सही करून माझ्याकडे दिला होता. लेखी आणा, तारीख देतो, असं स्पर्धावाल्यांनी कबूलही केलं होतं. कप्तान मी. संध्याकाळपर्यंत कल्याणला पोचवायचा, इतकंच काम. मी म्हटलं, आधी चार भारे टाकू, मग जाऊ. अर्ज खिशात राहिलाच. सरांनी विचारलं तेव्हा सांगितलं, दिला, पण त्यांनी ऐकलं नाही. बावीस वर्षं तुझ्यावरचं बालंट मी मुकाट बघितलं. फार लाज वाटते रे. स्मरणिकेत आता खरं काय ते लिहून दिलंय.

काशीची जिल्ह्याच्या संघात निवड झालीय. पालकांच्या सहीचा कागद तिनं कोराच परत आणला. म्हणाली, "बाबा बोलतात, आपल्या घराला हा खेळ नाय लाभत." लाभला नाही तो माझ्यामुळं. तो कागद पुन्हा पाठवतोय, सोबत माझा जुना अर्जही. त्याच्या घडीत तुझ्या भाताचं कुसळ अजून अडकलंय. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण सही कर. सोमवार शेवटचा दिवस आहे. आणि सही झाली की कागद माझ्याकडे देऊ नकोस. काशीच्याच हातात दे.

तुझ्या चेंडूंनी तळवा सुजवून घेतलेला,
तुझाच
हरेश