वंशावळीतला रिकामा चौकोन

३ नोव्हेंबर

आज दुपारी आत्याच्या घरी सुखरूप पोहोचले. प्रवासात छत्री, चष्मा किंवा कागदपत्रे यांपैकी काहीही हरवले नाही, ही माझ्या वयाला शोभणारी कामगिरी आहे. आत्या म्हणजे वडिलांची सर्वांत धाकटी बहीण. वय नव्वदीच्या पुढे, तरीही फाटकापर्यंत चालत आली. मला पाहताच म्हणाली, अगं मुंगी, किती वाळलीस, आणि केस कुठे गेले सगळे? मुंगी हे माझे लहानपणीचे नाव. जन्मभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलेल्या बाईला या नावाने हाक मारणारे आता दुसरे कोणी उरलेले नाही. ते ऐकून बरे वाटले.

खोली हवेशीर आहे, टेबल रुंद आहे. खिडकीतून रस्त्यापलीकडचे पाथरवटाचे अंगण आणि त्यामागे दफनभूमीची भिंत दिसते. माझ्या कामाला याहून सोयीची जागा मिळाली नसती.

काम असे. माझ्या दिवंगत बहिणीची मुलगी गेल्या महिन्यात जिन्यात कोसळली. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जाणून घ्यायचे आहे, की घराण्यात आणखी कोणाचे हृदय असे अचानक थांबले होते का. भाची म्हणाली, मावशी, तुझ्याइतकं चिकट माणूस आपल्यात दुसरं नाही, तूच शोध. तिला साडेतीन वर्षांची मुलगी आहे, चिंगी. म्हणून हे काम निव्वळ हौसेचे नाही.

घरात मोबाइलला रेंज नाही. दिवाणखान्यातल्या जुन्या फोनचा नंबर भाचीला कळवला.

५ नोव्हेंबर

पद्धत ठरवली. कोणतीही गोष्ट दोन स्वतंत्र पुराव्यांवाचून वंशावळीत लिहायची नाही. एक पुरावा शिळेचा, दुसरा नोंदणी कार्यालयाचा. शिळा ओल्या ब्रशाने घासायची आणि आरशाने तिच्यावर तिरपा उजेड पाडायचा, म्हणजे झिजलेली अक्षरेही वर येतात.

आमच्या घराण्याच्या शिळा एका ओळीत आहेत. प्रत्येकीवर पूर्ण नाव, जन्म, मृत्यू, आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘शिळा कोरून घेतली : आत्या’ व तारीख. पणजोबांच्या वडिलांच्या शिळेवरही तेच. प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी आत्या असते, आणि हे काम तिच्याकडे जात असावे. रीत मला आवडली.

भिंतीलगत आमच्याच काही शिळा निराळ्या आहेत. त्यांच्यावर नुसती टोपणनावे : बोका, ठेंगू, थोरली. आत्याची ओळ नाही. कोरलेल्या वयावरून सगळे नव्वदी ओलांडून गेलेले. नावे नाहीत म्हणजे पुरावा नाही, तेव्हा त्यांना वगळले.

नोंदणी कार्यालयातला कारकून म्हणाला, आजी, एवढी घाई कशाला, मेलेले कुठे पळून जाणार आहेत? नोंदी मात्र त्याने चटकन काढून दिल्या. नाव असलेल्या जवळजवळ प्रत्येकापुढे मृत्यूचे कारण एकच : हृदय, अचानक.

डॉक्टरांना उत्तर मिळाले. भाचीला फोनवर सांगितले. ती म्हणाली, म्हणजे मी काही नवीन करत नाहीये.

८ नोव्हेंबर

आत्याने वंशावळ पाहायला मागितली. मी टेबलावर पसरली. तिने प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून नाव माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले, तेही दोनदा. भाचीचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख ऐकल्यावर माझा हात दाबून म्हणाली, इतकं स्वच्छ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं गं. तुझा बाप तर मेला नुसती टोपणनावं सांगायचा.

ते खरे आहे. वडील आत्याला पत्र लिहीत, त्यात आम्ही बहिणी सदैव मुंगी आणि चिमटी. तिच्यासमोर खरे नाव उच्चारले तर डोळे वटारत. वडिलांच्या वागण्यातली एवढी एकच गोष्ट मला कायम तर्कहीन वाटत आली.

माझ्या चौकोनात मी ‘मुंगी’ एवढेच लिहिले आहे, कारण स्वतःविषयीची साक्ष स्वतः देऊ नये. चिंगीचा चौकोन रिकामा आहे, कारण तिचा जन्मदाखला माझ्याजवळ नाही. आत्याने विचारले, या बाळाचं काय? मी नियम सांगितला. ती हसून म्हणाली, नियमाची पक्की आहेस हो. मग जेवतानाही तेच विचारले, आणि भांडी आवरतानाही.

११ नोव्हेंबर

एक विसंगती आढळली आहे.

तळाच्या ओळीतली तारीख मृत्यूच्या तारखेच्या आधीची आहे. पहिल्या शिळेवर पाहिले तेव्हा पाथरवटाची चूक मानली. मग आरसा घेऊन पूर्ण ओळ पुन्हा वाचली. सर्वत्र तसेच आहे. नोंदणी कार्यालयातल्या तारखाही शिळांशी जुळतात. मृत्यूची तारीख प्रत्येक ठिकाणी निराळ्या छिन्नीने, मागाहून कोरलेली आहे.

विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला सांगत असे, की कार्य कारणाच्या आधी येत नाही. मृत्यू हे कारण आणि शिळा हे कार्य, असे मी गृहीत धरले होते. ते गृहीतक

उद्या पाथरवटाला भेटते.

१२ नोव्हेंबर

पाथरवट बोलका आहे. म्हणाला, आत्या म्हणजे आमचं पिढीजात गिऱ्हाईक, माझा आजा म्हणायचा, ही बाई भाव करायला बसली की दगडालाही घाम फुटतो. मी विचारले, तुमच्या आजोबांच्या वेळची आत्या निराळी असेल ना? तो गोंधळला. म्हणाला, निराळी कशी? हीच की.

संपूर्ण दफनभूमी पालथी घातली. आमच्या घराण्यातल्या एकाही आत्याची शिळा नाही. कार्यालयात वडिलांच्या बहिणीची जन्मनोंद नाही. एकाही बहिणीची नाही. वडील एकुलते एक होते.

आणखी एक. एका शिळेवर तिरपा उजेड पाडला, तेव्हा नावाखाली खरवडून काढलेले दुसरे नाव दिसले. खालचे नाव एका लहान मुलीचे आहे, वरचे तिच्या आईचे. आई तळाच्या तारखेच्याच आठवड्यात गेली. मुलगी, कार्यालयाच्या नोंदीनुसार, पंच्याऐंशी वर्षे जगली.

घरी आले तेव्हा आत्या बाहेर निघाली होती. ठेवणीतली चप्पल घातली होती. जरा पाथरवटाकडे जाऊन येते म्हणाली.

१३ नोव्हेंबर

वंशावळ जाळली. उपयोग नाही, तिने ऐकलेले जळत नाही.

डोळे वटारणारे वडील. बोका, ठेंगू, थोरली. सगळे म्हातारे होऊन गेले, कारण त्यांची खरी नावे तिला कोणीच सांगितली नाहीत. आणि मी सांगितली. वाचून दाखवली, दोनदा, वेलांटी-उकारासकट. आयुष्यभर ज्या अचूकपणाचा मी मान घेतला, त्याच अचूकपणाने.

खिडकीतून छिन्नीचा आवाज येतो आहे.

१४ नोव्हेंबर

शिळा पाहिली. भाचीचे नाव. जन्मतारीख. तळाची ओळ आणि कालची तारीख. मध्ये मोकळी जागा.

फोन केला. भाचीला पहाटे रुग्णालयात नेले आहे. तिचा नवरा रडत होता. डॉक्टर म्हणतात, कारण कळत नाही.

पाथरवटाला म्हणाले, हे थांबवा. तो म्हणाला, थांबवून काय होतं बाई, एकदा आज्यानं शिळा फोडली होती, आत्यानं संध्याकाळी दुसरी सांगितली.

मग नाव बदला, मी म्हणाले. घरच्या माणसाला तेवढा अधिकार आहे; खरवडलेल्या शिळेने ते सिद्ध झाले आहे. त्याने छिन्नी हातात घेतली. कोणाचं घालू, त्याने विचारले.

मी पूर्ण नाव सांगितले. जन्मतारीख सांगितली. कागदावर लिहूनही दिले, चूक राहू नये म्हणून.

कागद पाहून तो म्हणाला, आणि हे कोण? मी म्हणाले, घरातलीच एक बाई आहे. म्हातारी आहे, हरकत नाही.

१५ नोव्हेंबर

भाची उठून बसली. चहा मागितला. नवऱ्याचा फोन, हसत, रडत. डॉक्टर चकित.

निष्कर्ष बरोबर होता. समाधान आहे, खरोखर आहे.

डाव्या हाताला मुंग्या. पायऱ्या चढवत नाहीत.

आत्याला कळले आहे. रागावली नाही. उशी सारखी केली, केसांवरून हात फिरवला. म्हणाली, खुळी पोर, एवढं कशाला केलंस? माझं काय, एक झालं की दुसरं.

एक झालं की दुसरं —

१६ नोव्हेंबर

सकाळ. खुर्चीत बसून लिहीत आहे. उठता येत नाही. छातीवर कोणी दगड

छिन्नी थांबली आहे. माझे काम झाले असावे.

तिला आता फक्त एकच नाव ठाऊक नाही. चिंगीचे. मी लिहिले नव्हते. एका पुराव्यावर लिहीत नाही मी, म्हणून. चौकोन रिकामा राहिला आणि पोर

भाचीला सांगायला हवे होते. काल सांगायला हवे होते. या घरातून कोणी नाव विचारले तर टोपणनाव सांग, चिंगीच सांग —

दिवाणखान्यात फोन वाजतो आहे.

भाचीच असणार. बरी झाल्यावर पहिला फोन मला करते म्हणाली होती.

हाक मारते आहे. आवाज फुटत नाही.

आत्याची चप्पल. सावकाश. तिने उचलला.

किती गोड बोलते आहे. अगं मी आत्या, तुझ्या मावशीची. झोपली आहे ती. तू बरी आहेस ना बाळ? आणि तुझी छोटी? चिंगी होय? अय्या, हे तर लाडाचं झालं, कागदावरचं नाव काय गं तिचं, मावशीनं चौकोन मोकळाच —

ठेव. फोन ठेव. सांगू नको, भाची, सांगू

आत्या अक्षर अक्षर परत म्हणते आहे. पहिलं अक्षर बरोबर. दुसरं ब