गवत संपलं, असं मी लिहिलं होतं

सर, हे लिहायचं मी लई वर्षं टाळलं. एकदा तर कागद आणायला म्हणून निघालो, टपरीवर एका ट्रकवाल्याशी गप्पा लागल्या आणि थेट हुबळीला पोचलो. आता मात्र कुठं जायची सोय नाही. बजाजनगरात एक खोली, खोलीत खाट, खाटेवर बाबा. त्यांची उजवी बाजू गेली त्याला आठ महिने झाले. वाचाही गेली. काही हवं असलं की डाव्या हातानं खाटेची पट्टी वाजवतात. आई नाही. आक्का मनानं लग्न करून गेली तेव्हा बाबांनीच तिला दार बंद केलं. उरलो मी.

काल तोच ट्रकवाला खिडकीशी आला. “क्या रे, आठ महिने से चौकीदारी? परसों इंदूर निकलरा मैं, चल.” मी म्हटलं, बघतो. “अरे, आठ महिने से देखराच है तू.” बाबांनी सगळं ऐकलं. पट्टी वाजवली नाही. तो गेल्यावर मी पिशवी भरली.

पाचोडच्या शाळेत तुम्ही आर्यांचा धडा शिकवत होता. लांबच्या गवताळ मुलखातून घोडे, गाड्या, गुरं घेऊन निघालेली माणसं. काही इकडं आली, काही युरोपाकडं गेली. मी वहीत तिथपासून गोदावरीपर्यंत एक लांब बाण काढला. तुम्ही तो खोडला. “बाण कशाला, गाढवा? कुठं चाललो हे त्यांना तरी ठाऊक होतं व्हय? पुढचं गवत दिसलं, तेवढं चालले. अशा कैक पिढ्या गेल्या.” मग का निघाले, असं कुणीतरी विचारलं, तर तुम्ही अख्खा वर्ग बाजारात नेलात. लांबून आलेल्याला विचारून या म्हणालात.

मेंढरं घेऊन आलेली एक धनगरीण मला भेटली. माझ्या वहीतलं उत्तर तुम्ही मोठ्यानं वाचलंत, ‘गवत संपलं’, आणि खिशातली लाल पेन्सिल मला दिलीत. शाळेत मला मिळालेलं तेवढंच बक्षीस. पुढं सुरत सोडली, हुबळी सोडली, दरवेळी स्वतःला हेच सांगितलं.

ती बाई तसं बोललीच नव्हती, सर. का निघालात विचारलं तर म्हणाली, “दरसालचंच हाय. पर सासूला चालवत नाय. लंगडी मेंढी तिच्यापाशी सोडली अन् निघालो. मागं वळून नाय बघितलं.” एवढं बोलून ती पदरानं डोळे पुसत बसली. हे काय उत्तर झालं, असं मला वाटलं. मी माझंच लिहिलं.

दार वाजतंय. ट्रकवाला असेल, एक दिवस आधीच.

आक्का आहे. हातात पत्र्याची पेटी, केस पांढरे झालेत. “सरक की, दार धरून काय उभा?” खाटेपाशी जाऊन तिनं बाबांचा डावा हात हातात घेतला आहे. मी परत लिहायला बसलोय, कारण तिच्याकडं बघवत नाही. ती विचारतेय, “ही भरलेली पिशवी कुणाची रं?”

माझी, सर. तिच्याआधी तुम्हालाच लिहितोय.