चुकीच्या दगडातले बुडबुडे

मी, बेल्मिरु द पिना, वय एकाहत्तर, राहणार शां, म्हणजे फोगो बेटावरच्या ज्वालामुखीच्या पोटातलं गाव, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. लिहितोय ते दारूच्या नशेत नव्हे, भीतीने. हे वाक्य खोडा, असं नोटरीसाहेब म्हणाले. मी खोडणार नाही.

१. खाली सांव फिलिप शहरातलं माझं दोन खोल्यांचं घर धाकटा भाऊ ओलावु याला द्यावं. अट एकच: त्याने बायको आणि नात दुल्सी यांच्यासह तिथे राहायला जावं. शेळ्यांची सबब ऐकून घेऊ नये.

२. राखेतल्या माझ्या द्राक्षवेली ओलावुची बायको नतालिना हिला. बावीस वर्षं तिने माझ्या वाइनला व्हिनेगर म्हटलं. आता म्हणावं, तूच करून दाखव.

३. हातोडा, भिंग, चाळण्या आणि हिरव्या खड्यांच्या सत्तर डब्या ज्वालामुखींचा अभ्यास करणाऱ्या लिस्बनच्या इनेशबाईंना. मी त्यांच्या पिशव्या वाहणारा. त्यांनी मला खडे वाचायला शिकवलं. वितळलेल्या खडकात खडा घडताना त्यात वायूचा बुडबुडा कोंडला जातो. वायू जितका ठासून भरलेला, तितका खडा खोल जागचा. त्यावरून डोंगरातलं वितळलेल्या खडकाचं कोठार किती खाली आहे ते कळतं.

आता जे लिहायला आलो ते लिहितो. मागल्या उद्रेकानंतर बाईंनी मला बजावलं होतं, "बेल्मिरु, राखेबरोबर उडून पडलेले, झटकन थंड झालेले दगडच आणा. लाव्ह्याच्या जाड थरातले नकोत. तिथे खडा कितीतरी दिवस भाजत राहतो, बुडबुडा गळतो आणि उथळ खोली दाखवतो." शंकूतून तेव्हाही धूर निघत होता. मी वर गेलोच नाही. घाबरलो. लाव्ह्याखाली गेलेल्या माझ्या जुन्या घरामागे थर फोडला, आतले दगड भरले आणि पिशवीवर लिहिलं, 'शंकू, राख'.

उत्तर आलं पाच किलोमीटर. बाईंनी गावाला सांगितलं, कोठार उथळ आहे, ते फुगायला लागलं की यंत्रांना बरंच आधी कळेल. ओलावु लगेच उभा राहिला. "मग झालं तर! आमच्या दादाच्याच दगडांनी सांगितलं. मी जुन्या जागेवरच घर बांधतो." त्याने बांधलं. सिमेंट मी कालवून दिलं.

गेल्या महिन्यात मी एकटा वर चढलो. राखेतले खडे आणले आणि बाईंनी इथे ठेवलेल्या यंत्राखाली गोठवून, तापवून स्वतः पाहिले. अडतीस खडे, आणि सगळ्यांचं उत्तर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. इतक्या खालून निघालेला वितळलेला खडक वाटेत फारसा थांबत नाही. कळलंच तर चार दिवस आधी कळेल, नाहीतर तेवढंही नाही.

परवा जेवताना दुल्सी म्हणाली, "आजोबा, माझी खाट हलली."

"अगं, शेळीने भिंतीला अंग घासलं असेल!" ओलावु हसला. "घाबरटपणात दादावर गेली आहे पोरगी."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. डोंगराला भितो मी, पण ओलावुच्या तोंडाला त्याहून जास्त. म्हणून मेल्यावर वाचलं जाईल असं लिहायला बसलो.

४. इथवर लिहून पेन थांबलं. डोंगर माझ्या मरणाची वाट कशाला बघेल? तेव्हा हा कागद पाकिटात बंद करू नये. ~~येत्या रविवारी चर्चच्या दारात~~ आज, ओलावुच्या ओट्यावर, मीच मोठ्याने वाचेन. त्याने माझ्या मुस्काटात मारली तर कोणी मध्ये पडू नये. घराची किल्ली कागदाला बांधली आहे. कलम एक आजपासून लागू.

साक्षीदार:
ज़ुस्तिनु बार्बोज़ा, बेकरीवाले (सही)
कॉन्स्तान्सा तावारिश, शिक्षिका (सही)

कलम चारमधली खोडाखोड माझीच आहे. सही करताना कॉन्स्तान्साबाईंनी विचारलं, "रविवारपर्यंत तरी कशाला थांबता?" मी तिथेच रविवार खोडला. खोडलेल्या जागी माझी सही आहे. शांला जाणारी गाडी दारात उभी आहे.

बेल्मिरु द पिना (सही)
सांव फिलिप, शुक्रवार, १४ मार्च २०२५